डिस्पोजेबल इन्सुलिन पेन: अंगठ्याखालचं 0.14 मिलिमीटरचं यंत्र

बाटली आणि सिरिंजच्या जमान्यात इन्सुलिनचा डोस डोळ्याने मोजावा लागायचा. सिरिंजवरच्या बारीक रेघा, दट्ट्याची कड नेमकी कुठल्या रेघेवर आहे याचा अंदाज, मध्येच अडकलेला बुडबुडा. 1985 साली नोव्होपेन आलं आणि मोजणीचं काम डोळ्याकडून आट्यांकडे गेलं. भरून येणारं आणि संपलं की टाकून द्यायचं पेन हे त्याचं आजचं सर्वांत परिचित रूप. फ्लेक्सपेन, सोलोस्टार, क्विकपेन, फ्लेक्सटच ही त्यातली नावं बहुतेकांच्या ओळखीची आहेत. चौघांची घडण वेगळी असली तरी मूळ कल्पना एकच, म्हणून इथे या प्रकाराचा एकत्र आढावा घेतला आहे. जिथे फरक पडतो तिथे नाव घेऊन सांगितलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. मोजण्याच्या कामात हे पेन अव्वल आहे. मोजलेलं औषध त्वचेखाली पोचवताना मात्र पहिलं आणि शेवटचं पाऊल ते वापरणाऱ्यावर सोडतं. ती पावलं चुकली तरी डोसचा आकडा दाखवणाऱ्या खिडकीत शून्यच दिसतं, आणि डोस पूर्ण गेला असं माणूस समजून चालतो.

एक युनिट म्हणजे नेमकं किती

मिलीला 100 युनिट ताकदीच्या इन्सुलिनमध्ये 1 युनिट म्हणजे 0.01 मिली, म्हणजेच 10 घन मिलिमीटर. त्याचा गोल थेंब केला तर व्यास भरतो जेमतेम 2.7 मिलिमीटर. पेनातल्या 3 मिलीच्या काचेच्या कार्ट्रिजचा आतला व्यास साधारण 9.6 ते 9.7 मिलिमीटर असतो, त्यामुळे आतला आडवा छेद सुमारे 73 चौरस मिलिमीटरचा होतो. भागाकार केला की लक्षात येतं, 1 युनिटसाठी रबरी दट्ट्या फक्त 0.14 मिलिमीटर पुढे सरकला पाहिजे. पूर्ण 300 युनिट संपेपर्यंत तो एकूण चालतो सुमारे 41 मिलिमीटर.

हे 0.14 मिलिमीटर साधतं ते दांड्यावरच्या आट्यांमुळे. डोस लावायला चाकी फिरवतो तेव्हा दर युनिटला एक खटका बसतो, पण दट्ट्याला ढकलणारा दांडा त्या वेळी हलत नाही. बटण दाबल्यावरच तो आट्यांवरून पुढे जातो आणि दातेरी अटकाव त्याला मागे येऊ देत नाही. म्हणून तर चुकून जास्त डोस लागला की चाकी उलटी फिरवून तो कमी करता येतो आणि थेंबभरही वाया जात नाही. कार्ट्रिजमध्ये 12 युनिटच उरली असतील तर चाकी 12 च्या पुढे जात नाही. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या भागांकडून इतकं काम करून घेणं सोपं नाही, याची दाद दिलीच पाहिजे.

काचेचाही यात मोठा वाटा आहे. छेद व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे काचेचा आतला व्यास 1 टक्क्याने चुकला तर डोस 2 टक्क्यांनी चुकतो, आट्यांनी आपलं काम कितीही चोख केलं तरी. म्हणूनच कार्ट्रिजच्या मापांसाठी स्वतंत्र मानक आहे, आयएसओ 11608 मालिकेचा तिसरा भाग.

डोसच्या अचूकतेचं मानक त्याच मालिकेच्या पहिल्या भागात येतं. 1 युनिटच्या टप्प्याने चालणाऱ्या पेनाला 20 युनिटांपर्यंत 1 युनिट कमी-जास्त चालतं आणि त्यापुढे 5 टक्के. आता 30 युनिट घेणाऱ्याला दीड युनिटाचा फरक फारसा जाणवणार नाही. पण 2 युनिट घेणाऱ्या लहान मुलासाठी 1 युनिट म्हणजे निम्मा डोस. चांगली पेनं प्रत्यक्षात या मर्यादेच्या बरीच आत राहतात, तरी छोटे डोस घेणाऱ्यांनी हा हिशेब माहीत करून घ्यावा. अशांसाठी अर्ध्या युनिटाच्या टप्प्याची, कार्ट्रिज बदलायची पेनं आहेत, उदाहरणार्थ नोव्होपेन इको.

प्राइमिंग: टाळलं जाणारं पहिलं पाऊल

प्रत्येक टोचणीआधी 2 युनिट लावून, सुई वर धरून बटण दाबायचं आणि टोकाला थेंब दिसला की मगच खरा डोस लावायचा. सूचनापत्रात हे असतंच, पण कारण धड सांगितलेलं नसतं. नुसतं 'हवा काढण्यासाठी' म्हटलं की लोक बुडबुडा दिसला नाही तर पाऊल गाळतात.

खरं कारण दुहेरी आहे. एक म्हणजे हवा. दुसरं म्हणजे भागांमधला खेळ, म्हणजे प्ले. कारखान्यात पेन जुळवताना दांडा दट्ट्याला टेकून दाबत राहिला तर महिनोन्महिने कार्ट्रिजवर दाब राहील, म्हणून दोघांत मुद्दाम थोडी फट ठेवावी लागते. शिवाय आट्यांत, खटक्यांच्या दात्यांत, कार्ट्रिज आणि त्याच्या घरात प्रत्येक ठिकाणी अगदी किंचित सैलपणा असतो. तीन सांध्यांत प्रत्येकी 0.05 मिलिमीटर खेळ धरला तरी बेरीज 0.15 मिलिमीटर, म्हणजे एक युनिट पुरतं खाऊन टाकण्याइतकी. नव्या पेनाचा पहिला डोस प्राइमिंगशिवाय घेतला तर दांडा आधी ती फट भरून काढतो, इन्सुलिन नंतर ढकलतो. खिडकी मात्र ठरलेला आकडा उतरवून शून्यावर येते.

म्हणून नव्या पेनाला एकदा 2 युनिटांनी थेंब आला नाही तर घाबरू नये, तीन-चार वेळा करून पाहावं. तरीही आला नाही तर सुई बदलावी. नव्या सुईनेही येत नसेल तर ते पेन वापरू नये.

थेंब दिसणं हीच या पेनातली एकमेव खात्री आहे. दांडा दट्ट्याला टेकला, सुईच्या मागच्या टोकाने रबरी पडदा भेदला, भोक मोकळं आहे, या तिन्ही गोष्टी तो एक थेंब सांगतो. सुई तिरकी चढवली की मागचं टोक पडद्यावर वाकतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून कागदी झाकण काढल्यावर सुई पेनाच्या सरळ रेषेत धरून आधी टेकवावी आणि मग फिरवावी.

सुई

पेनाचं कौतुक होतं, पण दुखणं कमी झालं त्याचं निम्मं श्रेय सुईचं आहे. 4 मिलिमीटर लांबीची 32 गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक) सुई बाहेरून फक्त 0.23 मिलिमीटर जाड असते. टोचायच्या जागी प्रौढांची त्वचा सरासरी 2 ते अडीच मिलिमीटर भरते, माणूस सडपातळ असो वा जाड. म्हणजे 4 मिलिमीटरची सुई त्वचा ओलांडून चरबीत पोचते आणि स्नायू बहुधा गाठत नाही. पूर्वीच्या 8 आणि 12.7 मिलिमीटरच्या सुया सडपातळ माणसाच्या मांडीत किंवा दंडात सरळ स्नायूत जायच्या. स्नायूत इन्सुलिन भराभर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरते. 4 मिलिमीटरची सुई काटकोनात टोचायची, आणि बहुतेक प्रौढांना चिमूट धरावी लागत नाही. अगदी लहान मुलं आणि फार किडकिडीत माणसं यांना मात्र धरावी लागते.

बारीक सुईची किंमत अंगठा मोजतो. नळीतून द्रव ढकलायला लागणारा दाब भोकाच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. भोक 10 टक्क्यांनी बारीक झालं तर तेवढ्याच वेगाने ढकलायला दीडपट दाब लागतो. म्हणून सुई बनवणारे बाहेरचा व्यास तोच ठेवून भिंत पातळ करतात. सुई घेताना नुसता गेजचा आकडा बघू नये, पातळ भिंतीची आहे का हेही बघावं. संधिवाताने बोटं दुखणाऱ्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

सुई एकदाच वापरायची. पुन्हा वापरली की टोकावरचा सिलिकॉनचा लेप निघून गेलेला असतो, टोक वाकलेलं असतं, आणि आत उरलेलं इन्सुलिन वाळून भोक बुजवतं.

बटण शून्यावर आलं, डोस संपला नाही

दुसरं गाळलं जाणारं पाऊल म्हणजे थांबणं. फ्लेक्सपेन 6 सेकंद सांगतं, सोलोस्टार 10, क्विकपेन 5. आकडा लक्षात राहत नसेल तर सरसकट सावकाश 10 मोजावेत.

इतकं थांबायचं कारण रबरात आहे. बटण दाबताना दट्ट्याचं रबर दबतं. दांडा आपल्या ठरल्या जागी पोचून थांबतो, पण दबलेलं रबर नंतर हळूहळू फुगत राहतं आणि केसाएवढ्या भोकातून उरलेलं इन्सुलिन बाहेर ढकलतं. कार्ट्रिजमध्ये बुडबुडा असेल तर वेळ आणखी लागतो, कारण हवा रबरापेक्षा कितीतरी जास्त दबते. शून्य दिसताच सुई ओढली तर तो उरलेला भाग हवेत किंवा कातडीवर जातो. टोचून झाल्यावर सुईच्या टोकाला थेंब लोंबताना दिसला किंवा जागा ओली लागली तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. 1 युनिट म्हणजे पावणेतीन मिलिमीटरचा थेंब, हे माप डोळ्यांत ठेवलं तर किती गेलं याचा अंदाज येतो. राहिलेलं भरून काढायला अंदाजाने आणखी टोचू नये. साखर तपासत राहावी.

अंगठा उचलण्याआधी सुई बाहेर काढावी. सुई आत असताना बटण सोडलं तर दाब एकदम उतरतो आणि रक्ताचा अंश मागे कार्ट्रिजमध्ये ओढला जाऊ शकतो. एक पेन दोघांनी वापरायचं नाही, सुई नवी लावली तरीही, त्यामागे हेच कारण आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 साली अशा पेनांवर 'एकाच रुग्णासाठी' असा ठळक इशारा छापणं सक्तीचं केलं.

अंगठ्याचं काम

फ्लेक्सपेन आणि क्विकपेन एका वेळी 60 युनिटांपर्यंत जातात, सोलोस्टार आणि फ्लेक्सटच 80 पर्यंत. पहिल्या तिघांत डोस जितका मोठा तितकं बटण बाहेर येतं. बटण दट्ट्यापेक्षा जास्त अंतर चालतं, म्हणून अंगठ्याचा जोर आत वाढून पोचतो. ही रचना शहाणपणाची आहे, पण मोठ्या डोसला बटण इतकं लांब जातं की आखूड बोटांच्या माणसाला पोटावर पेन सरळ धरून अंगठा वर पोचवणं कठीण पडतं. पेन कलतं आणि सुई त्वचेत हलते.

फ्लेक्सटचमध्ये डोस लावताना स्प्रिंग पिळली जाते आणि बटण जागचं हलत नाही. दाबायला बोटाचा हलका स्पर्श पुरतो, शेवटी खटकाही ऐकू येतो. थरथरत्या किंवा अशक्त हातांसाठी आमची पहिली पसंती हीच. यात गमावलं जातं ते एवढंच, की हाताने ढकलायच्या पेनात सुई बुजली तर बटण घट्ट लागतं आणि अंगठ्याला लगेच समजतं. स्प्रिंगच्या पेनात ती जाणीव राहत नाही. आकडा खाली येतोय का, हे खिडकीत बघत राहावं लागतं. खिडकी बोटाने झाकली जाणार नाही अशी पकड सुरुवातीलाच लावून घ्यावी.

खटके मोजून डोस लावायची सवय कुणीही लावून घेऊ नये. खटके सोबतीला आहेत, खरा आकडा खिडकीतलाच. नजर अधू असेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा.

जिथे बिघडतं

सुई लावलेलीच ठेवून पेन डब्यात टाकणं ही सर्वांत महागात पडणारी सवय. पाण्याच्या हिशेबाने 5 अंशांवरून 30 अंशांवर आलेला 3 मिली द्रव सुमारे 0.013 मिलीने फुगतो, म्हणजे 1.3 युनिट. सुई लावलेली असेल तर ते गळून जातं. पुन्हा गार झालं की द्रव आकसतो आणि तेवढीच हवा आत येते. असे काही दिवस गेले की कार्ट्रिजमध्ये मोठा बुडबुडा तयार होतो, आणि मग दहा सेकंद थांबूनही डोस अपुरा जातो. दुधाळ, म्हणजे कण तरंगत असलेल्या, इन्सुलिनमध्ये आणखी वाईट घडतं. आधी पातळ भाग गळतो, कण मागे राहतात आणि उरलेल्या पेनाची ताकदच बदलते.

दुधाळ इन्सुलिनच्या कार्ट्रिजमध्ये काचेची छोटी गोळी असते. पेन तळहातांत 10 वेळा लाटायचं आणि 10 वेळा सावकाश वर-खाली उलटायचं. सगळीकडे एकसारखा पांढरा रंग दिसला की झालं. जोराने हलवलं तर फेस होतो. पेन जवळजवळ रिकामं झालं की गोळीला फिरायला जागा उरत नाही आणि मिश्रण नीट होत नाही, म्हणून अशा पेनाच्या शेवटच्या काही युनिटांवर विसंबू नये.

पेनातून सिरिंजने इन्सुलिन काढणं पूर्ण बंद ठेवावं. ओढताना आत हवा शिरते आणि पुढचे डोस बिघडतात. त्याहून मोठा धोका जास्त ताकदीच्या पेनांचा. मिलीला 200, 300, अगदी 500 युनिटांची पेनं आहेत. त्यांच्या खिडकीतला आकडा खऱ्या युनिटांचाच असतो, गुणाकार-भागाकार करायचा नसतो. तेच इन्सुलिन 100 च्या सिरिंजमध्ये घेतलं तर रेघ 20 दाखवेल आणि आत 40, 60 किंवा 100 युनिट असतील. प्राइमिंगचे आकडेही वेगळे असतात, मिलीला 300 युनिटांच्या टूजिओ पेनाला 3 युनिट.

जेवणाआधीचं जलद आणि रात्रीचं दीर्घकाळ चालणारं, अशी दोन पेनं एकाच घडणीची असतील तर अदलाबदल होते. बटणाचा आणि लेबलचा रंग वेगळा असतो, पण अंधुक उजेडात रंग उपयोगी पडत नाही. एका पेनाला रबर बँडचे दोन वेढे द्यावेत, हाताला फरक कळतो. बटणांवर स्पर्शाने ओळखू येणारे वेगवेगळे उंचवटे ही गोष्ट डिझाइन करणाऱ्यांनी सर्वत्र एकसारखी ठरवून टाकायला हवी.

त्यांच्याकडून आणखी एक मागणी आहे. आजचं पेन दांडा पोचल्याची खूण देतं, औषध पोचल्याची देत नाही. शून्य आल्यावर ठरलेल्या सेकंदांनी वाजणारा दुसरा खटका जरी दिला, तरी थांबण्याचं काम माणसाच्या स्मरणशक्तीवर राहणार नाही. स्प्रिंगच्या पेनात हे जमण्यासारखं वाटतं.

कुणासाठी योग्य

प्राइमिंगची 2 युनिट हिशेबात धरून पाहा. दिवसातून एकदा 28 युनिट घेणाऱ्याचं 300 युनिटांचं पेन 10 दिवस चालतं आणि त्यातली 20 युनिट प्राइमिंगला जातात. दिवसातून तीनदा 4 युनिट घेणाऱ्याच्या पेनातून 50 टोचण्या निघतात, पण 100 युनिट, म्हणजे एक तृतीयांश इन्सुलिन, थेंबांत जातं. दिवसाला फक्त 3 युनिट घेणाऱ्याचं पेन तर संपण्याआधीच मुदतीने बाद होतं. उघडल्यावर बहुतेक पेनं 28 दिवस चालतात, काही 42 तर काही 56. तारीख उघडतानाच पेनाच्या अंगावर लिहावी, टोपणावर नको, कारण टोपणं बदलली जातात.

मध्यम ते मोठ्या डोसवाल्यांना, प्रवास करणाऱ्यांना आणि कार्ट्रिज बदलण्याची धास्ती वाटणाऱ्यांना डिस्पोजेबल पेन निःसंकोच घ्यावं. छोट्या डोसवाल्यांनी आणि मुलांनी अर्ध्या युनिटाचं, कार्ट्रिज बदलायचं पेन बघावं. दर कार्ट्रिजनंतर दांडा दट्ट्याला टेकल्याची खात्री करायला त्यांना प्राइमिंग आणखी काटेकोरपणे करावं लागेल.

पेनात 12 उरली आणि 20 घ्यायची असतील तर 12 जुन्यातून घ्यावीत. मग नव्या पेनाला नवी सुई लावून, थेंब येईपर्यंत प्राइम करून उरलेली 8 घ्यावीत. किंवा सगळी 20 नव्यातूनच घ्यावीत. दोन टोचण्या घ्यायच्या तर दुसरी जागा पहिलीपासून निदान एक बोट लांब असू द्यावी, आणि जिथे कातडीखाली गाठ किंवा रबरासारखा फुगवटा लागतो ती जागा पूर्ण सोडावी. तिथलं शोषण इतकं बेभरवशाचं असतं की आट्यांनी साधलेलं 0.14 मिलिमीटर तिथे वायाच जातं.